गंगेचा तांब्या

अंबडच्या एमआयडीसीत एक गल्ली अशी आहे की तिथं यायला रिक्षावाले कुरकुरतात. आलाच एखादा, तर कोपऱ्यावरच उतरवतो आणि नाकाला रुमाल लावून भाडं घेतो. त्या गल्लीच्या टोकाला सोलपटांचा कारखाना. कोळंबीची टरफलं, खेकड्यांच्या पाठी, बंदरावर जे जे सोलून फेकतात ते वाळवून, गोण्यांत भरून, ट्रकनं घाट चढून इथं येतं. नाशिकला समुद्र नाही, पण समुद्राचा उकिरडा आहे, असं तिथल्या बायका म्हणतात. भागीबाई त्या बायकांतली सगळ्यात जुनी.

त्या घाणीचं करता तरी काय, असं कुणी विचारलं की भागीबाई आधी हसायची आणि मग पदर खोचून सांगायला बसायची. गोणी फोडायची. त्यातनं माशांची शेपटं, जाळ्याचे दोरे, खडे निवडायचे. दळायचं. मग ॲसिडच्या टाकीत टाकायचं. तिथं सोड्याच्या बाटलीसारखा फेस उसळतो आणि कवचातला चुना विरघळून जातो. मग कॉस्टिक सोड्याच्या टाकीत. तिथं कवचाला चिकटलेलं मांस सुटतं. मग पुन्हा कॉस्टिक, पण कडक आणि तापवलेलं. आणि दर खेपेला मधे धुणं. सगळ्यात शेवटी हाती काय लागतं, तर पांढरं, हलकं, वासाचा मागमूस नसलेलं, पातळ पोह्यांसारखं काहीतरी. डब्यावरच्या चिठ्ठीवर त्याचं नाव कायटोसान असं असतं. बायका त्याला पोहेच म्हणतात.

हे पोहे निफाडकडचे बागाईतदार द्राक्षांवर फवारायच्या औषधात घेतात. कुणी सांडपाणी निवळायला नेतं. आणि त्यातला अगदी चोख माल पट्ट्या बनवणाऱ्या एका कंपनीकडं जातो. त्या पट्ट्या जखमेवर लावल्या की वाहतं रक्त थांबतं आणि चिघळलेलं भरून येतं. ह्या चोख मालाची शेवटची धुलाई भागीबाईकडं होती. सुपरवायझर रोहित, निफाडचा, बीएस्सी झालेला पोरगा, त्यानं तिला हे काम शिकवलं.

"मावशी, ह्याला नळाचं पाणी नाही चालत. फिल्टरचं घ्यायचं, तेही उकळून गार केलेलं. उघडा हात घालायचा नाही. डोळ्यांना स्वच्छ दिसतं ते पाणी स्वच्छ असतंच असं नाही."

भागीबाईनं हे शेवटचं वाक्य तोंडपाठ केलं. नवी बाई कामाला आली की ती ते अशा ठसक्यात तिला ऐकवायची, की वाटावं हा शोध हिचाच. बरं, नुसतं ऐकवायची नाही, पाळायचीसुद्धा. तिच्या हातचा माल कधी परत आला नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढं जे झालं ते बाईला अक्कल नव्हती म्हणून झालं असं म्हणायची सोय नाही.

आता घरचं सांगतो. कारखान्यामागं अंबड गावाच्या कडेला दोन खोल्या. तिथं भागीबाईचा नवरा चिमाजी. बारा आणे संत आणि चार आणे हट्टी असा हा माणूस. जातीनं माळी, गळ्यात तुळशीची माळ, भजनात मृदंग. त्याचा हात पडला की झोपलेला म्हाताराही सावरून बसायचा. दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्यानं झेंडू, शेवंती करायचा आणि पहाटेच फुलबाजार गाठायचा. दारू नाही, तमाखू नाही, बायकोवर कधी हात उगारला नाही. सोवळं मात्र भारी. नाशकातली जुनी माणसं गोदावरीला गंगा म्हणतात. चिमाजीच्या देव्हाऱ्यात ह्या गंगेच्या पाण्यानं भरलेला तांब्या असायचा. दर सोमवारी गंगेवर जायचं, तांब्या घासून भरून आणायचा, आठवडाभर पुरवायचा. बाहेरून जे म्हणून घरात येईल त्याच्यावर त्यातले दोन थेंब पडल्याशिवाय ते उंबऱ्याच्या आत येत नसे. भाजी, किराणा, नवं पातेलं, एकदा तर गॅसची टाकी. टाकी आणणारा पोरगा बघतच राहिला.

मग ती जमीन मालकानं प्लॉट पाडून विकली. झेंडूच्या वाफ्यांवर चुन्याच्या रेघा आल्या आणि चिमाजी घरी बसला. पोरगी निकिता तेव्हा लग्नाची होती. भागीबाईनं आजूबाजूला विचारलं, तर सगळ्यात आधी काम मिळालं ते सोलपटांच्या कारखान्यात. दुष्काळात तेरावा महिना. माळकऱ्याची बायको आणि खेकड्याची कवचं निवडणार. चिमाजी दिवसभर जेवला नाही. दिवेलागणीला म्हणाला, "जायचं तर जा. घर चालवायचं हाय, मला काय कळत नाय का. पण त्या घाणीत माळ न्यायची नाय. काढायची तर देवापुढं काढ, आन् एकदा काढली का पुन्हा घालायची नाय."

लग्नाच्या वर्षी घातलेली माळ. भागीबाईनं ती देव्हाऱ्यात काढून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेली. त्या दिवसापासून भजनाला ती सगळ्यांच्या मागं, चपलांजवळ बसू लागली. देव्हाऱ्याला हात लावत नव्हती, नैवेद्य चिमाजी स्वतः रांधायचा. कारखान्यातनं अंघोळ करूनच निघायची, तरी संध्याकाळी दारात उभी राहायची, मान खाली घालायची. चिमाजी तांब्या घेऊन यायचा, तिच्या डोक्यावर दोन थेंब टाकायचा, मग ती आत यायची. निकिताचं लग्न त्याच पगारावर झालं, ओझरला दिली. तिला ह्या थेंबांचा राग यायचा. भागीबाईला नाही यायचा. उलट दिवसभराचं सगळं त्या दोन थेंबांनी धुऊन जातं असं तिला खरोखर वाटायचं. वाईट वाटायचं ते एवढंच, की माळ पुन्हा गळ्यात येणार नव्हती.

चिमाजीला साखर होती. साखरेच्या माणसाचे पाय बधिर होतात. चपलेतला खिळा वर आला, तळव्यात रुतला आणि ह्या गड्याला पत्ताच नाही. दोन दिवस तसाच हिंडला. जखम चिघळली तेव्हा कळलं. दवाखान्यात साफ केली, औषधं दिली, पण ती भरेना. डॉक्टरीणबाईंनी भागीबाईला बाजूला घेऊन सरळ सांगितलं, "मावशी, ही जखम भरली नाही तर पाय काढावा लागेल. आत्तापासून मनाची तयारी ठेवा."

कसली तयारी ठेवणार? मांडी घालून, मृदंग पुढ्यात घेऊन बसलेला चिमाजी तिच्या डोळ्यांपुढून हलेना. ती कामावर गेली आणि धुलाईच्या टाकीपाशी उभ्या उभ्या रडायला लागली. रोहितनं विचारलं, तिनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यानं एक खोकं आणून तिच्या हातात ठेवलं.

"पट्टीवाल्या कंपनीनं नमुन्याला दिल्यात. डॉक्टरांना दाखवा आणि त्या हो म्हणाल्या तरच लावा. मावशी, हे तुमच्याच हातचं आहे. तुम्ही धुतलेल्या मालाचंच बनलंय."

भागीबाईनं एक पाकीट उघडून बघितलं. आत पांढरी, मऊ, जाडसर घडी. ह्या घाणीतनं असलं काही होतं हे ती लोकांना सांगत आली होती, पण डोळ्यांनी पहिल्यांदा बघत होती. तिला फार बरं वाटलं. डॉक्टरीणबाईंनीही खोकं उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाल्या, चांगली आहे, लावा. पण नीट ऐका. हात साबणानं धुवायचे. जखम आम्ही देऊ त्या बाटलीतल्या सलाईननंच पुसायची. दुसरं काही, कसलंही पाणी, कुणी काही सांगितलं तरी लावायचं नाही.

भागीबाईनं मान हलवली. तिच्यासाठी ह्यात नवं काय होतं?

घरी येईपर्यंत मात्र तिचं पाऊल जड झालं. चिमाजीला सांगायचं कसं? खेकड्याचं कवच आपल्या पायाला लागतंय म्हटल्यावर हा माणूस पाय सडू देईल, पण पट्टी लावू देणार नाही. ह्यात तिला तिळमात्र शंका नव्हती. आणि न सांगता लावावी, तर त्याचं एवढ्या वर्षांचं व्रत तिच्या हातून मोडणार, तेही त्याला कळू न देता. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. तिनं ठरवलं, पाय महत्त्वाचा. पाप लागायचं तर मला लागू दे.

आणि मग तिला वाट सुचली. सुचली म्हणण्यापेक्षा ती घरातच होती. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर दोन थेंब. भाजी शुद्ध होते, टाकी शुद्ध होते, दिवसभर सोलपटांत बुडालेली ती स्वतः शुद्ध होते. मग पट्टी का नाही होणार?

चिमाजीचं लक्ष नाही असं बघून तिनं देव्हाऱ्यातला तांब्या उचलला. आधी स्वतःच्या हातांवर थेंब घेतले, कारण तांब्याला शिवायचा तिला अधिकार नव्हता. मग पाकीट फोडलं, पट्टीवर दोन थेंब टाकले, हात जोडले आणि दवाखान्यातली पट्टी म्हणून ती चिमाजीच्या पायाला बांधली. सोमवारी भरलेलं पाणी, वर तुळशीची पानं तरंगत होती.

आता डोक्याला हात लावायची पाळी आहे ती इथं. कारखान्यात हीच बाई नवीन पोरींना पाण्यावरून दम देत होती. उकळलेल्या पाण्यात उघडं बोट घातलं म्हणून तिनं एकीला टाकीवरून हाकललं होतं. पण कारखान्यातलं पाणी ते पाणी, आणि गंगा ती गंगा. ह्या दोन गोष्टी तिच्या डोक्यात दोन वेगळ्या खोल्यांत राहत होत्या आणि मधलं दार कधी उघडलंच नव्हतं. तिला हसण्याआधी आपापल्या घरात बघावं.

पहिल्या पट्ट्यांनी गुण आला. जखमेची कड गुलाबी झाली, ओल कमी झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असंच चालू ठेवा. चिमाजी एकादशीच्या भजनाला खुर्चीवर बसून का होईना, पण मृदंग वाजवून आला. घरी येऊन देवापुढं बसला आणि रडला. "पांडुरंगानं पाय राखला गं माझा. माळेचा मान ठेवला त्यानं."

भागीबाई मागं उभी राहून ऐकत होती. देवाची एवढी फसवणूक, आणि हा माणूस त्याच देवाचे आभार मानतोय. दोन थेंबांनी हे भागेल का, असं तिच्या मनात आलं. दुसऱ्या दिवशी पट्टी बदलताना तिनं थेंब टाकले नाहीत. वाटीत गंगा ओतली, अख्खी पट्टी तीत बुडवली, पिळली आणि बांधली. पुढं रोज तसंच करू लागली.

काही दिवसांनी घरात वास यायला लागला. हा वास भागीबाईला आलाच नाही. वर्षानुवर्षं सोलपटांत राहून तिचं नाक मेलं होतं. चिमाजीला आला, पण त्याला तो ओळखीचा वाटला.

"तू नीट न्हात जा," तो म्हणाला. "आताशी लय वास मारतो तुझ्या अंगाला."

भागीबाई ओशाळली. ती कारखान्यात दोनदा अंघोळ करू लागली. साडी रोज गरम पाण्यात उकळू लागली. अंग घासून घासून कातडी सोलवटली, पण वास काही जाईना, असं तो म्हणायचा. पट्टी काढली की खाली हिरवट दिसायचं. ते तुळशीचा रंग उतरला असेल असं तिला वाटलं. माणसाला स्वतःची समजूत घालायला काय लागतं?

शेवटी जाऊबाई चंद्रभागा शेजारच्या खोलीतून आली. ती फटकळ. दारातच थबकली, पदर नाकाला लावला.

"भागे, घरात काय मेलंय?"

"माझा वास हाय तो. कामाचा."

"तुझा वास मला काय आज कळतोय का? तो येगळा. हे सडल्यालं हाय." आणि ती वास हुंगत हुंगत सरळ चिमाजीच्या खाटेपाशी गेली आणि पायाजवळ थांबली.

तोवर त्याला ताप भरला होता.

दवाखान्यात नेला तेव्हा काळपट रंग घोट्याच्या वर चढला होता. डॉक्टरीणबाईंनी जखमेतला पू तपासायला पाठवला आणि त्याच संध्याकाळी गुडघ्याखाली पाय काढला. कागदावर सही निकितानं केली. भागीबाई बाहेर बाकड्यावर बसली होती. डॉक्टरीणबाई हातमोजे काढत तिच्याजवळ आल्या. बाई तापट नव्हती, पण त्या दिवशी आवाज चढला होता.

"जखम भरत होती, मावशी. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. मग एकाएकी काय झालं? असा हिरवा पू करणारे जंतू साचलेल्या पाण्यात असतात, नदी-नाल्याच्या पाण्यात असतात. जखमेला कसलं पाणी लागलं होतं का?"

भागीबाईला तेव्हा कळलं. मधलं दार त्या क्षणी उघडलं. फिल्टरचं पाणी, उकळून गार केलेलं. डोळ्यांना स्वच्छ दिसतं ते पाणी स्वच्छ असतंच असं नाही. तोंडपाठ केलेलं वाक्य आणि देव्हाऱ्यातला तांब्या एकदमच तिच्या डोळ्यांपुढं आले.

"नाय," ती म्हणाली.

"नक्की?"

"नाय, बाई. कायच नाय लागलं."

"मग पट्टीच खराब असणार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि उरलेलं खोकं उचलून त्यांनी कोपऱ्यातल्या बादलीत टाकलं. भागीबाई त्या बादलीकडं बघत बसली. तिच्या हातचा माल पहिल्यांदा परत आला होता, आणि त्यात मालाची काही चूक नव्हती. खोटं बोलायला तिनं काही ठरवलं नव्हतं. भीतीनं तोंडातनं गेलं, आणि एकदा गेलेलं परत घ्यायला जी छाती लागते ती तिच्याजवळ त्या घटकेला नव्हती.

रोहित दुसऱ्या दिवशी सफरचंदं घेऊन भेटायला आला. पोरगा भला. पण भल्या माणसांना कुठं काय बोलू नये हे कळत नाही. चिमाजीच्या उशाशी बसून म्हणाला, "काका, फार वाईट वाटतं. आम्हाला वाटलं होतं मावशींच्याच हातच्या मालाची पट्टी आहे, तुम्हाला नक्की गुण येईल."

चिमाजीनं डोळे उघडले. "कसला माल?"

रोहितनं भागीबाईकडं पाहिलं. तिनं मान खाली घातली होती. त्याला उमगलं, पण बाण सुटला होता.

तो गेला. मग चिमाजी बोलला, आवाज न चढवता. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

"खेकड्याचं कवच माझ्या अंगाला लावलं तू."

"पाय वाचावा म्हणून लावलं हो."

"वाचला का?" त्यानं पांघरुणाच्या सपाट भागाकडं पाहिलं. "म्हणून सडला. देवानं इटाळ ठेवून नाय घेतला. सडवून काढून टाकला."

भागीबाईनं तोंड उघडलं. सगळं ओठांवर आलं होतं. अहो, पट्टीनं जखम भरत होती. सडवलं ते तांब्यातल्या पाण्यानं, तुमच्या गंगेनं, माझ्या हातानं. एवढं बोलली असती तर निदान खेकड्याचा आळ तरी गेला असता. पण तिनं पाहिलं, चिमाजीनं दोन्ही मुठींत गळ्यातली माळ घट्ट धरली होती. बुडणारा माणूस दोर धरतो तशी. जमीन गेली, पाय गेला, मांडी घालून मृदंगापुढं बसणं गेलं. आता ह्याच्याकडं उरलंय काय? देव आणि ती गंगा. तीही मी काढून घेऊ?

तिनं तोंड मिटलं.

"आजपासून तुझ्या हातचं मी खाणार नाय," चिमाजी म्हणाला.

"बरं," ती म्हणाली.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. आणि तिनं तो आपणहून घेतला, हे कुणाला कधी कळायचं नव्हतं. निकिता आईवर चिडली, सांगून तरी लावायची होतीस, म्हणाली. चंद्रभागा चिमाजीसाठी भाकरी थापून आणू लागली आणि ताट ठेवताना दर खेपेला भागीबाईकडं एक नजर टाकू लागली. भागीबाई कामावर परत गेली आणि रोहितला म्हणाली, "मला गोण्या निवडायला बसव. शेवटच्या धुलाईला माझा हात नको." डॉक्टरीणबाईंच्या तक्रारीवरून पट्टीवाल्या कंपनीनं तो माल पुन्हा तपासला होता. त्यात काहीच निघालं नव्हतं. रोहितला काय समजायचं ते बहुतेक समजलं असावं. तो काही विचारायच्या फंदात पडला नाही.

चिमाजी घरी येऊन आठवडा झाला नसेल, एका सोमवारी त्यानं तिला हाक मारली.

"भागा, इकडं ये. इटाळ अजून आत हाय. रात्री त्या पायाला ठणका लागतो, जो पाय नाय तोच ठणकतो. गंगा आण. रोज ह्याच्यावर घालायची, धार धरून."

भागीबाईनं पायाकडं पाहिलं. टाके अजून ओले होते. "डॉक्टरीणबाईंनी पाणी लावू नका सांगितलंय."

"डॉक्टरचं ऐकून पाय घालवला. आता देवाचं ऐकायचं. मला तिथवर जाता येत नाय म्हणून तुला सांगतोय. नायतर तांब्याला तुझा हात लागू दिला नसता."

आता काय करावं? नाही म्हटलं तर तो चंद्रभागेला सांगेल, आणि ती आनंदानं आणून देईल. आणलं तर उरलेला पायही जाईल, कदाचित माणूसही. खरं सांगितलं तर माणूस राहील, पण कशाच्या आधारावर राहील?

तिनं तांब्या घेतला आणि बस धरली. गंगेवर गर्दी होती. कुणी दिवे सोडत होतं, कुणी पिंड. ती पायरीवर बसली. पाणी उन्हात चमकत होतं, चांगलं दिसत होतं. लहानपणी आईच्या हाताला धरून ह्याच पायरीवर तिनं डुबक्या मारल्या होत्या. तिला नदीचा राग येईना. राग यायला हवा होता, पण जो आला तो स्वतःचाच. तिनं पदराआडून हात जोडले आणि मनात म्हणाली, माय, तुझी चूक नाय. लोकांनी तुझं काय केलं आणि मी काय केलं. पण आता मी तुला घरी नेणार नाय. मग ती उठली आणि रिकामा तांब्या पिशवीत घालून परत फिरली.

घरी आल्यावर तिनं चिमाजीचा डोळा लागायची वाट पाहिली. पातेलं घासलं, नळाचं पाणी गाळून घेतलं, खळखळ उकळलं. तांब्याही त्यातच बुडवून उकळला. झाकून गार केलं. कारखान्यात करायची अगदी तसं. तुळशीची पानं टाकली नाहीत, फक्त तांब्याच्या गळ्याशी बाहेरून एक मंजिरी बांधली. डॉक्टरीणबाईंना फोनवर विचारून घेतलं, की उकळलेल्या पाण्याचं चार थेंब लागलं तर चालंल का. त्या म्हणाल्या, टाक्यांवर नको, वरच्या वर, आणि लगेच कोरडं करा.

मग ती चिमाजीपाशी गेली. टाके झाकून, गुडघ्यावर बारीक धार धरली आणि स्वच्छ कापडानं टिपत राहिली. चिमाजीनं डोळे मिटून हात जोडले. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण हळूहळू उतरला. दवाखान्यातून आल्यापासून असा शांत तो दिसला नव्हता.

"बघ," तो म्हणाला. "गंगा लागली का कसं गार वाटतं."

"हो," भागीबाई म्हणाली.

त्यानं ओंजळ पुढं केली. "घाल. तीर्थ घेतो."

तिचा हात थांबला. "माझ्या हातचं?"

"तुझ्या हातचं अन्न नाय खाणार मी. पण गंगेला इटाळ नसतो. ती कुणाच्या का हातची असंना."

तिनं ओंजळीत पाणी घातलं. तिच्या नळाचं, तिच्या गॅसवर तिनं उकळलेलं. चिमाजीनं ते पिऊन ओला हात डोळ्यांना लावला.

टाके सुकले. उरलेला पाय भरून आला. गंगामाईनं राखला, असं चिमाजी भजनाला येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. खेकड्यानं घालवला आणि गंगेनं राखला. चंद्रभागाही तेच गावभर सांगते. भागीबाई दर सोमवारी तांब्या घेऊन बस धरते, पायरीवर थोडा वेळ बसते आणि रिकाम्या तांब्यानं परत येते.

चिमाजीची खाट आता दाराशी असते. संध्याकाळी सोलपटं निवडून भागीबाई घरी येते, उंबऱ्याबाहेर उभी राहते आणि मान खाली घालते. तो बसल्या जागेवरून तांब्या उचलतो आणि तिच्या डोक्यावर दोन थेंब टाकतो. मग ती आत येते आणि उद्याचं पाणी उकळायला ठेवते.